खाच खोल म्हणजे पकड घट्ट, असं नाही

पत्र: घराच्या मागे अवजारं ठेवायला एक खोली बांधली आहे. भिंतींच्या बाहेरच्या अंगानं मोजली तर रुंदी ६ मीटर. वर दोन पाख्यांचं लाकडी छप्पर घालतोय. उतार ३० अंश, वासे ५० बाय १५० मिलिमीटरचे, वळचण भिंतीबाहेर ४५० मिलिमीटर. भिंतीच्या माथ्यावर १५० मिलिमीटर रुंदीचा लाकडी पाट बोल्टनं आवळून पक्का केला आहे. वाशाला खालून खाच पाडून तो पाटावर बसवायचा, एवढं कळतं. मेव्हणे म्हणाले, वासा पाटाच्या पूर्ण रुंदीवर बसला पाहिजे आणि खाच जितकी खोल तितकी पकड घट्ट. तसे दोन वासे कापूनही झाले. पण आता बघतो तर खाचेपाशी वासा जेमतेम अर्धा उरलाय. शिवाय मशीनची करवत कोपऱ्यात रेघेच्या जरा पुढे गेली आहे. पुढचे वासे आखायला हात धजावत नाही. काय करू? आणि कापलेल्या त्या दोन वाशांचं काय?
— अर्ध्यावर थांबलेला

उत्तर:

थांबलात ते फार बरं केलंत. दोनच वासे गेलेत, आणि तेही जमिनीवर असताना. छपरावर चढल्यावर हा प्रश्न पडला असता तर उत्तर जड गेलं असतं.

आधी मेव्हण्यांच्या पकडीबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक वासा पाटावर ठेवून बाजूनं नीट बघा. खाचेला दोन काप असतात. आडव्या कापावर वासा पाटाच्या माथ्यावर टेकतो, ती बैठक. उभा काप पाटाच्या बाहेरच्या अंगाला लागून उभा राहतो. आता छपराचं वजन वाशाला कुठे ढकलतं? आढ्याकडून, म्हणजे दोन पाखी माथ्यावर मिळतात तिथून, खाली आणि भिंतीच्या बाहेर. वासा बाहेर सरकायला लागला तर उभा काप पाटापासून सुटत जातो, त्यावर दाबला जात नाही. म्हणजे ज्या दिशेला रेटा आहे, नेमक्या त्याच दिशेला ही खाच काही अडवत नाही. ती खुंटी नाही. तिरक्या वाशाला सपाट बसायला जागा देणं एवढंच तिचं काम. ते काम थोड्याशा खोल खाचेतही भागतं, त्याहून जास्त खोल गेलात तर पकड काडीनंही वाढत नाही, लाकूड मात्र कमी होतं.

किती कमी होतं ते मोजता येतं. खाचेची खोली मोजायची ती वाशाच्या खालच्या काठाला काटकोनात, खाचेच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. उभ्या कापाची लांबी म्हणजे खोली नव्हे, तिथे पुष्कळांची फसगत होते. हिशेब सोपा आहे: बैठकीची रुंदी गुणिले उताराच्या कोनाचा साइन. ३० अंशांचा साइन बरोबर अर्धा. तुम्ही बैठक १५० धरलीत, म्हणून खाच ७५ मिलिमीटर खोल गेली आणि १५० चा वासा तिथे ७५ चा झाला. वाकण्याला तोंड द्यायची लाकडाची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गावर चालते. उंची निम्मी झाली की ताकद निम्मी नाही, पाव उरते. तुमच्या नजरेला जे खुपलं ते अगदी बरोबर खुपलं.

ही पाव ताकद कुठे महाग पडते? वळचणीला. भिंतीबाहेर आलेलं साडेचारशे मिलिमीटरचं टोक त्या खाचेवर उरलेल्या लाकडाच्या जिवावर लोंबत असतं. रोज तिथे फारसा भार नसतो, पण छपराचं काम चालू असताना कुणीतरी वळचणीच्या कडेला पाय देतोच. शिवाय खाचेचा आतला कोपरा ही लाकूड चिरायला सुरुवात व्हायची जागा. चीर तिथून लाकडाच्या धाग्यांच्या रेषांबरोबर वाशाच्या लांबीत धावते, आणि धावताना फार आवाजही करत नाही.

म्हणून सुतारकामात जुना दंडक आहे की खाच वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून खोल नको. काही ठिकाणचे बांधकामाचे नियम याहून कडक आहेत आणि पावावरच थांबवतात. तुमच्या भागात कोणता नियम लागू आहे ते परवानगीच्या कागदांत किंवा इंजिनिअरकडून बघून घ्या. मला विचाराल तर मी पाव धरीन. एक तृतीयांशाची खाच असली तर वाकण्याची ताकद ४४ टक्के उरते, पाव असली तर ५६. बैठकीच्या थोड्या रुंदीसाठी एवढी ताकद घालवायचं काही कारण मला दिसत नाही.

तुमच्या १५० च्या वाशाला पाव म्हणजे साडेसदतीस मिलिमीटर खोली. ३० अंशांवर तेवढ्यात बैठक बसते ७५ मिलिमीटरची. म्हणजे वासा पाटाच्या बाहेरच्या अर्ध्या रुंदीवर टेकेल, आतल्या अर्ध्या रुंदीच्या वरून तो आपल्या उतारानं निघून जाईल. दिसायला अपुरं वाटेल, पण लाकडावर लाकूड टेकायला ३८ मिलिमीटर ही नियमांत सर्रास आढळणारी किमान बैठक आहे. तुमची त्याच्या जवळपास दुप्पट आहे. पाट रुंद आहे म्हणून तो सगळा भरलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

उतार बदलला की हा सगळा हिशेब हलतो, हेही ध्यानात ठेवा. हाच वासा ४५ अंशांवर असता तर पाव खोलीत जेमतेम ५३ मिलिमीटर बैठक मिळाली असती. २० अंशांवर १०० मिलिमीटरची बैठकही साडेचौतीसच्या आत भागली असती. दुसऱ्या कुणाच्या छपराचं माप उचलून आपल्या वाशावर आखणं म्हणूनच धोक्याचं.

आता आखणी. इथे घाई करू नका, कापायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ आखायला लागला तरी तो वाया जात नाही.

पाट समपातळीत आहेत का ते पाणसळीनं बघा. खोलीची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजा. कर्णही ताडून पाहा. भिंत एका टोकाला वीस मिलिमीटर पसरलेली असेल तर ते आत्ता कळलेलं बरं. सगळं जुळलं तर पाटाच्या बाहेरच्या अंगापासून आढ्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर ३००० मिलिमीटर. ३० अंशांच्या उतारावर वाशाच्या लांबीत ते ३४६४ होतं, आणि आढ्याची चढण १७३२.

वासा निवडताना एक डोळा मिटून काठावरून लांबवर बघा. बहुतेक लाकडाला थोडा बाक असतोच, तो वर येईल असा वासा धरायचा. वजन पडल्यावर तो सरळ व्हायला बघतो. ज्या जागी खाच येणार तिथे खालच्या काठाला गाठ आली तर वासा उलटसुलट करून पाहा, नाहीतर तो वासा बाजूला ठेवा. गाठ आणि खाचेचा कोपरा एकत्र आले की चिरेला आयतं निमंत्रण. टोकाला आधीच फाटलेलं लाकूड असेल तर फाटलेला भाग पूर्ण जाईल इतकं कापून मग माप सुरू करा.

गुण्या म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी. तिच्या एका पात्यावर ३००, दुसऱ्यावर १७३ अशी खूण करा. या दोन्ही खुणा वाशाच्या वरच्या काठाला लावून धरल्या की ३०० चं पातं आडवी रेघ देतं आणि १७३ चं उभी. छप्पर उभं राहिल्यावर ओळंबा ज्या दिशेनं लोंबेल तीच ही उभी रेघ. खुणा सरकू नयेत म्हणून गुण्याला एक सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळून टाका. मग दर वेळी तोच कोन येतो, डोळ्यांवर विसंबावं लागत नाही.

आढ्याच्या टोकाला पहिली उभी रेघ मारा. ही आढ्याच्या मध्याची रेघ. तिथून वरच्या काठावरून ३४६४ मोजून दुसरी उभी रेघ मारा, ती पाटाच्या बाहेरच्या अंगाची. खालच्या काठावरून मोजलं तर वेगळं येईल का, असा संशय अनेकांना येतो. नाही येत. दोन समांतर उभ्या रेघांमधलं उतारावरचं अंतर कुठल्याही काठावर सारखंच असतं. पण मी वरच्या काठाचा आग्रह धरतो, त्याचं कारण पुढे येतंय. त्याच रेघेपासून वळचणीसाठी आणखी ५२० मिलिमीटर पुढे गेलात की आडव्या मापात तुमचे साडेचारशे भरतात.

आढ्याच्या फळीची जाडी विसरू नका. फळी ४० ची असेल तर पहिल्या रेघेपासून २० मिलिमीटर आत दुसरी उभी रेघ मारायची आणि तिच्यावर कापायचं. हे २० रेघेला काटकोनात, म्हणजे आडवे मोजायचे. काठावरून मोजलेत तर वासा तीन मिलिमीटर लांब राहील. एका वाशाला तीन काही नाही, पण दोन्ही बाजूंनी सगळेच वासे लांब निघाले की आढं वर उचललं जातं आणि खाचा पाटावर नीट बसत नाहीत. मग माणूस हातोडीनं वासा खाली ठोकायला लागतो.

आता खाचेचं माप. बहुतेक जण खालच्या काठावरून खोली मोजून खाच आखतात. मी वरून आखायला सांगतो. करवतीवर कापून आलेलं लाकूड सगळं एकसारख्या उंचीचं कधीच नसतं. एक वासा १५२ निघतो, दुसरा १४७. खालून सारखी खाच पाडली तर हा फरक वर जातो आणि पाखं लाटालाटांचं होतं, वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, कुठे टेकतात कुठे अधांतरी राहतात. वरच्या काठापासून उभ्या रेघेवर सारखं माप ठेवलं तर सगळ्या वाशांचे माथे एका पातळीत येतात आणि फरक खाली खाचेत जिरतो. तुमच्या बाबतीत ते माप १३० मिलिमीटर. पाटाच्या उभ्या रेघेवर वरच्या काठापासून १३० मोजून टिंब टाका. त्या टिंबातून गुण्याच्या ३०० च्या पात्यानं आढ्याच्या दिशेला आडवी रेघ मारा, ती खालच्या काठाला जिथे भेटेल तिथे बैठक संपली. टिंबापासून खालच्या काठापर्यंतची उभी रेघ साधारण ४३ भरेल, बैठक ७५. यातलं एक जरी माप पाचेक मिलिमीटरहून जास्त चुकलं तर आखणी कुठेतरी घसरली आहे, किंवा तो वासाच उंचीला वेगळा आहे. जो कापून टाकायचा त्या त्रिकोणावर पेन्सिलीनं फुल्या मारा, आणि रेघा गुण्यानं वाशाच्या दुसऱ्या अंगावरही उतरवा.

पहिले दोनच वासे कापा. मधे आढ्याच्या फळीचा तुकडा धरून ती जोडी पाटांवर ठेवून पाहा. बैठक बसली का, हे असं बघायचं: पातळ पुठ्ठ्याचा तुकडा पाट आणि वासा यांच्यात सरकतो का? बाहेर उभ्या कापापाशी तो केसभर आत गेला तर मी डोळेझाक करीन. पण बैठकीच्या आतल्या टोकाशी, म्हणजे खोलीच्या आतल्या बाजूला, फट असेल तर नाही चालायचं. तिथे फट म्हणजे सगळा भार खाचेच्या कोपऱ्यावर, लाकूड जिथे सर्वांत बारीक आहे तिथे. बैठकीच्या आतल्या टोकाला वासा आपल्या पूर्ण उंचीनं टेकलेला असतो, भार तिथून उतरायला हवा. याच कारणासाठी बैठक पाटाच्या आतल्या कडेबाहेर कधी जाऊ द्यायची नाही. तुमचा पाट रुंद आहे म्हणून ती भीती नाही. पाट अरुंद आणि उतार कमी असेल तिथे हे हमखास घडतं.

जोडी बसली की त्यातला एक वासा फर्मा. त्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा आणि बाकी सगळे वासे त्याच एकावरून आखा. आत्ता कापलेल्यावरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, असं करत गेलात की पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी मापात मिळत जाते. शेवटच्या वाशाशी येईतो छप्पर वाकडं.

कापताना वासा जमिनीजवळ दोन लाकडी घोड्यांवर आडवा, क्लॅम्पनं आवळलेला. वासा पाटावर चढवून तिथल्या तिथे खाच पाडायचा मोह आवरा. गोल पात्याची मशीन वर धरून शिडीवर उभं राहून कापायचं काम नाही हे. चष्मा, पात्यावरचं झाकण जागेवर, वायर कापाच्या मागे. आणि तुमच्या कोपऱ्याचं दुखणं: गोल पातं वरच्या अंगावर कोपऱ्यापर्यंत पोचतं तेव्हा खालच्या अंगावर अजून मागेच असतं. खालचं कापायच्या नादात वर रेघ ओलांडली जाते. दोन्ही काप कोपऱ्याच्या अलीकडे थांबवायचे आणि उरलेलं हातकरवतीनं काढायचं. पटाशीनं कोपरा साफ करा, पण खोल करू नका. पाच मिनिटं जास्त लागतात, पण ज्या कोपऱ्यातून चीर निघते त्याच कोपऱ्यात करवतीचा घाव ठेवणं म्हणजे चिरेला रस्ता आखून देणं.

तुमच्या कापलेल्या दोन वाशांना मी छपरात जागा देणार नाही. खाचेत पाचर ठोकून, गोंद लावून पुन्हा भरून काढता येईल का, हा पुढचा प्रश्न तुमच्या ओठावर असेल. पाचरीनं दाब पेलता येईल, पण तुटलेल्या रेषा जोडल्या जात नाहीत आणि चिरेला ती थांबवत नाही. शेजारी दुसरा पूर्ण वासा बोल्टनं जोडता येतो, पण नवं काम आहे, लाकूड हाताशी आहे, मग ठिगळ कशाला? खाचेचा भाग कापून टाका. उरलेले तुकडे वाशांमधल्या आडव्या अडणींना कामी येतील.

मघाशी म्हटलं की खाच बाहेरचा रेटा अडवत नाही. मग अडवतं कोण? समोरासमोरच्या वाशांचे पाय पाटाच्या पातळीवर आडव्या लाकडानं एकमेकांना बांधलेले असले पाहिजेत, किंवा आढं स्वतःच वजन पेलणारी तुळई असून तिला टोकांना आधार पाहिजे. पत्रात यातल्या कशाचाच उल्लेख नाही. नुसती आढ्याची फळी आणि खाली काही बांधणी नाही असं असेल तर वासे चढवायच्या आधी थांबा, कारण पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतींचे माथे बाहेर झुकायला लागतात. उतार जितका कमी तितका हा रेटा जास्त. या बांधणीचं माप, वाशांमधलं अंतर आणि ५० बाय १५० चं लाकूड तुमच्या ३ मीटरच्या पल्ल्याला पुरतं का, हे छपरावर कौलं येणार की पत्रे आणि लाकूड कोणतं यावर ठरतं. ते इंजिनिअरला बघू द्या.

वाराही खाचेला जुमानत नाही, तो वासा खालून उचलतो. प्रत्येक वासा पाटाला धातूच्या पट्टीनं किंवा कोनानं बांधा. खिळे तिरके मारताना आधी बारीक भोक पाडून घ्या, आणि खाचेच्या कोपऱ्याला चिकटून खिळा नको.

आणखी दोन ठिकाणी खाच पाडायचा मोह होईल. वासा मधे एखाद्या तुळईवरून जात असेल तर तिथे खालून खाच पाडू नका. तुळईवर वाशाला वाकवणारा जोर मोठा असतो, आणि खाच पाडली की तो पेलणारी उंचीच कमी होते. तिथे तुळईवर उताराच्या कोनाची पाचर ठेवून वासा टेकवा. आणि पुढेमागे कारखान्यातून तयार होऊन आलेल्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, वापरायचं ठरलं, तर त्यांना करवत लावायचीच नाही. त्यांतलं प्रत्येक लाकूड मोजून बसवलेलं असतं, मग पाटावर कैची कितीही अडचणीची बसो.

मेव्हण्यांना कामातून काढू नका. आढं धरायला दुसरा माणूस लागणारच आहे.